बलवंतांची बखर

बलवान मनुष्याचा गौरव करण्याच्या आपल्या समाजात दोनच रीती आहेत. तो हयात असेल तर शाल आणि श्रीफळ; निवर्तला असेल तर आख्यायिका. दोहोंतही मोठी सोय अशी की, त्या मनुष्याने नेमके केले काय याची चौकशी कोणालाही करावी लागत नाही. कवीचा सत्कार करावयाचा झाला तर वक्त्याला निदान त्याच्या एका संग्रहाचे नाव तरी विचारून घ्यावे लागते. गवयाच्या सत्कारात घराण्याचा उल्लेख चुकला तर श्रोत्यांत कुजबुज होते. मल्लाच्या किंवा वजन उचलणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्याने मातीचे नाव उज्ज्वल केले, एवढे म्हटले की वक्ता खाली बसावयास मोकळा होतो. आमच्या जालना जिल्ह्यातील अशाच एका समारंभात, वजन उचलण्याच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाची चार वक्त्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली. पाऊण तास चाललेल्या त्या भाषणांत त्या मुलाने किती किलो उचलले हा आकडा एकदाही आला नाही. ग्रंथकाराचा गौरव त्याच्या ग्रंथाचे नाव न घेता करावा, तशातला हा प्रकार!

ह्या उपेक्षेचा दोष तालमीतल्या माणसांवर टाकण्याची आमच्या वर्गाला सवय जडली आहे. ती माणसे लिहीत नाहीत, कागद जपत नाहीत, असे आम्ही म्हणतो. पण लिहिणे हा ज्यांचा धंदा, त्या आम्ही पदवीधरांनी, प्राध्यापकांनी आणि संपादकांनी तरी काय केले? नाटकांचे प्रयोग किती झाले, कोणत्या गणपतीत कोणते व्याख्यान झाले, याच्या तारखा काढण्यात आमच्या विद्वानांनी आयुष्ये वेचली, आणि ते योग्यच झाले. बलोपासनेचा इतिहास मात्र त्यांनी बखरीच्या पायरीवरच राहू दिला. आणि बलाच्या ज्या एका खेळाचा इतिहास केवळ आकड्यांनी लिहिता येतो, त्याची तर बखरदेखील लिहिली नाही.

तो खेळ म्हणजे वजन उचलण्याचा. त्याला अलीकडे भारोत्तोलन असे त्याच्याहूनही जड नाव मिळाले आहे. मुले वेटलिफ्टिंगच म्हणतात. अंगाला तेल लावून स्नायू दाखविण्याची शरीरसौष्ठवाची स्पर्धा ती ही नव्हे, हे प्रारंभीच सांगणे भाग आहे, कारण आमच्या परिचयातील सुशिक्षित कुटुंबांतही दहांपैकी नऊजण दोहोंत भेद करीत नाहीत. ऑलिंपिकमधील ह्या खेळात आज दोनच प्रकार आहेत. स्नॅचमध्ये दांडा जमिनीवरून एका झेपेत डोक्यावर न्यावयाचा. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यावयाचा आणि तेथून हात सरळ करून वर झेलावयाचा. प्रत्येकी तीन प्रयत्न, तीन पंच, आणि तिघांपैकी दोघांचे मत अनुकूल पडले तर उचल खरी. पाहणाऱ्यास वाटते की मनुष्य लोखंड वर ओढीत आहे. खरे कसब निराळेच आहे. वर फेकलेला दांडा क्षणार्ध जणू निर्भार होतो, त्या क्षणार्धात खेळाडूने स्वतः त्याच्याखाली शिरून बसावयाचे असते. नर्तकाची ताललय आणि मल्लाची मांडी एकाच देहात लागते. पुरुषांचा दांडा २० किलोचा, स्त्रियांचा १५ किलोचा; आणि एक किलो म्हणजे अथेन्समध्ये जेवढा, तेवढाच जालन्यात. पंचांची लहर, मैदानाची ओल, प्रतिपक्षाचा दुबळेपणा, यांतील कशाचेही साहाय्य किंवा अडथळा येथे फारसा नाही.

ह्या खेळाच्या आधुनिक इतिहासाचा पहिला धागा आमच्याच मुलखातून निघतो, ही गोष्ट किती वाचकांना ठाऊक असेल? १८९६ साली अथेन्सला पहिले ऑलिंपिक भरले तेव्हा एका हाताने वजन उचलण्याची स्पर्धा लॉन्सेस्टन एलियट याने ७१ किलो उचलून जिंकली. दोन हातांच्या स्पर्धेत त्याने आणि डेन्मार्कच्या विगो येन्सेनने सारखेच, म्हणजे १११.५ किलो, उचलले; एलियटचे एक पाऊल हलले म्हणून पंचांनी येन्सेनला पहिला ठरविले. ब्रिटनला ऑलिंपिकमधील पहिले विजेतेपद मिळवून देणारा हा एलियट १८७४ साली जन्मला तो मुंबई इलाख्यातील कलादगी येथे. त्या काळी ज्याला दक्षिण महाराष्ट्र म्हणत त्यातले हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. त्याचा बाप तेथे इंग्रज सरकारचा अंमलदार होता; मुलगा लहानपणीच विलायतेस गेला, तेव्हा त्याच्या विजयावर आम्ही हक्क सांगावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु इंग्रज अंमलदारांच्या शिकारकथा आणि त्यांच्या बंगल्यांची वर्णने आम्ही आवडीने वाचतो आणि लिहितो. त्यांत ह्या एका ओळीला जागा मिळू नये, यावरून आमच्या जिज्ञासेचा कल कोणीकडे आहे ते दिसते.

एलियटला वजनाचे धडे देणारा युजेन सँडो त्याच्याहून कितीतरी अधिक प्रसिद्ध होता. तो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला. त्याचे नाव मराठी घराघरांत आजही आहे. पण ते दोरीवर वाळत घातलेल्या बिनबाह्यांच्या बनियनला आहे. शक्तीच्या उपासकाचे याहून सोयीचे स्मारक आम्हांला सुचले नसते.

आता आमच्या आख्यायिकांकडे वळू. जुन्या पैलवानाविषयी जे सांगितले जाते त्याचे साचे ठरलेले आहेत. तो रोज अमुक हजार जोर-बैठका काढी, इतके शेर दूध पिई, इतके बदाम खाई, आणि पाच मणांचा नाल एका हाताने वर नेई. नाल म्हणजे मध्ये पकडीची मूठ कोरून काढलेले दगडी कडे, हे तालमीशी संबंध न आलेल्या वाचकांसाठी सांगतो. दूध-बदामांचा हिशेब त्याच्या घरच्यांकडे सोपवून आपण केवळ त्या पाच मणांचा विचार करू. मण म्हणजे किती? सरकारी मण, ज्याला बंगाली मण म्हणत, तो सुमारे ८२ पौंडांचा, म्हणजे ३७ किलोंहून थोडा अधिक. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आत. मद्रासचा २५ पौंडांचा. यांशिवाय गावोगावच्या पेठांचे मण निरनिराळे. तेव्हा पाच मणांचा नाल हा मुंबईच्या मापाने साडेत्रेसष्ट किलो भरतो आणि सरकारी मापाने एकशे शहाऐंशी! पहिला एखादा निरोगी विद्यार्थी चार महिन्यांच्या अभ्यासाने वर नेईल. दुसरा एका हाताने डोक्यावर नेणारा मनुष्य पृथ्वीवर झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. मग आमचा तो वंदनीय पूर्वज सामान्य होता की अलौकिक होता? ज्यांनी आख्यायिका सांगितली त्यांनी हा प्रश्न विचारला नाही, आणि ज्यांनी ती छापली त्यांनीही नाही. दशमान मापे कायद्याने देशात येऊन साठ वर्षे उलटून गेली. ते नाल अजून कित्येक तालमींच्या कोपऱ्यांत पडून आहेत. आणि ते काट्यावर घालून पाहावे असे कोणा इतिहासप्रेमी गृहस्थाच्या मनात आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल की हा सारा आक्षेप विलायती दृष्टीचा आहे; आपल्याकडे बलोपासना ही साधना होती, स्पर्धा नव्हती, आणि साधनेचे मोजमाप करावयाचे नसते. हे म्हणणे आमच्या जिल्ह्यात तर फारच आदराने मांडले जाते, कारण समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली ज्या जांब गावी झाला ते आमच्या घनसावंगी तालुक्यात आहे, आणि गावोगाव मारुती स्थापून तरुणांना व्यायामाला लावण्याचे श्रेय परंपरा समर्थांना देते. त्या परंपरेविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु मोजमाप नको असे ती परंपरा कोठे म्हणते? ज्यांना ती खरोखर कळली होती त्यांनी मोजमापच केले. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून १९४९ पर्यंत दहा खंडांत व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. मल्लविद्या, मल्लखांब, लाठी, आसने, देशी आणि परदेशी खेळ, यांचे साधार आणि सचित्र वर्णन करणारा एवढा प्रचंड उद्योग त्या काळी मराठीत झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. आणि तो पुढे चालू राहिला नाही ही तितकीच लाजेची. एका ग्रंथालयात आम्ही ते खंड मागविले तेव्हा दोन मिळाले. मागील चिठ्ठीवर शेवटच्या वाचकाची जी तारीख होती ती १९७० च्या अलीकडची नव्हती. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांची संख्या त्यानंतर वाढलीच असेल; परंतु तिचा कोश उघडणारा पन्नास वर्षांत एक निघू नये?

ज्या वर्षी मुजुमदारांचा कोश सुरू झाला त्याच वर्षी, १९३६ साली, बर्लिनला ऑलिंपिक भरले होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे गेले आणि त्याने आपले देशी खेळ जगाला दाखविले. हा प्रसंग महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखाच आहे. मात्र तो सांगताना हिटलरने केलेल्या कौतुकावर जो भर दिला जातो तो आज तरी आवरता घ्यावा. त्याच बर्लिनमध्ये भारताच्या नावाने एक मनुष्य वजन उचलावयास उभा राहिला होता. त्याचे नाव झॉ वेक. तो ब्रह्मदेशाचा. ब्रह्मदेश त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. १९३७ च्या एप्रिलात तो वेगळा झाला, आणि १९४८ साली लंडनला हाच मनुष्य ब्रह्मदेशाकडून उतरला. झॉ वेक आमचा म्हणावा की नाही, यावर वाद घालता येईल. पण वाद घालण्यासाठी नाव तरी माहीत असावे लागते! बर्लिनमधील प्रात्यक्षिकाची कथा सांगणाऱ्या आमच्या एकाही वक्त्याच्या तोंडी आम्ही हे नाव ऐकले नाही.

तेथेच त्या स्पर्धेत इजिप्तच्या खद्र अल्-तूनी याने ७५ किलोच्या गटात तीन प्रकार मिळून ३८७.५ किलो उचलले. त्याच्याहून वरच्या गटात पहिला आलेला फ्रान्सचा लुई ओस्तँ ३७२.५ वर थांबला. हलक्या गटाचा विजेता जड गटाच्या विजेत्यापेक्षा पंधरा किलो अधिक उचलतो, ही गोष्ट कोणत्याही अलंकारावाचून मनात ठसते. अल्-तूनी किती दूध पीत असे हे आम्ही कोठे वाचलेले नाही आणि त्यावाचून आमचे काही अडलेलेही नाही.

येथे तीन प्रकार म्हटले त्याचा खुलासा केला पाहिजे, कारण नोंद म्हणजे नुसता आकडा नव्हे, हे त्यावरून कळेल. पूर्वी प्रेस नावाचा एक तिसरा प्रकार होता. त्यात खांद्यावरचे वजन पायांची मदत न घेता केवळ हातांच्या बळाने वर न्यावयाचे असे. खेळाडू पाठ इतकी मागे वाकवू लागले की पंचांना खरेखोटे ठरविणे अशक्य झाले, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार बंद झाला. वजनगट तर वारंवार बदलले आहेत. १९९३ साली बदलले, १९९८ साली बदलले, २०१८ साली पुन्हा बदलले, आणि दर वेळी जुने जागतिक उच्चांक मोडीत निघाले. तेव्हा अमक्याने तीनशे किलो उचलले, एवढ्याच वाक्याला काही अर्थ नाही. कोणत्या साली, कोणत्या गटात, किती प्रकार मिळून, हे सांगितले नाही तर तीनशे किलो हादेखील पाच मणांचा नालच झाला. वृत्तपत्रांतील कात्रणे जपणाऱ्या घरांनाही ही सूचना आहे : कात्रणावर तारीख घाला.

आख्यायिकेला आणखी एक अलीकडची बहीण आहे, ती म्हणजे करुणकथा. तिचे सर्वांत मोठे उदाहरण खाशाबा जाधव यांचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. त्यांना विलायतेस पाठविण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले ही कथा शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, हेही ठाऊक आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात आता राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. हे सर्व ठीक. परंतु त्या दिवशी भाषण करणाऱ्या एखाद्या गृहस्थाला विचारून पाहा की, हेलसिंकीत खाशाबांनी कोणाला हरविले? कॅनडाचा पोलिकँ, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मित्झ ह्या तिघांना त्यांनी हरविले. रशियाचा मामेदबेकोव्ह आणि जपानचा इशिई ह्या दोघांकडून ते हरले, आणि हा इशिईच सुवर्णपदकाचा धनी झाला. त्याआधी १९४८ साली लंडनला, त्याहून हलक्या गटात, ते सहावे आले होते. चार वर्षांत सहाव्याचे तिसरे कसे झाले, मातीवर वाढलेला मल्ल गादीवर कसा तयार झाला, ह्याच गोष्टीत त्या मनुष्याची विद्या होती. ती आम्ही टाकून दिली आणि गहाणखत तेवढे पाठ केले. आमच्या वर्गाला हे गहाणखत का आवडते तेही उघड आहे : त्या गोष्टीत नायक म्हणून आमचाच एक प्राचार्य आहे.

खाशाबांना निदान करुणकथा तरी लाभली. वजन उचलणाऱ्यांच्या वाट्याला तीही क्वचितच येते. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन मराठी तरुणांनी कांस्यपदके मिळविली. ५६ किलोच्या गटात गणेश माळी याने स्नॅचमध्ये १११ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३३, असे २४४ किलो उचलले. ६९ किलोच्या गटात ओंकार ओतारी याने २९६ किलो उचलले. ९४ किलोच्या गटात चंद्रकांत माळी तिसरा आला. तिघेही एकाच गावचे, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे. नृसिंहवाडीला दर्शनासाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबांची गणती नाही. कुरुंदवाड तेथून हाकेच्या अंतरावर आहे. एका लहानशा गावाने एकाच स्पर्धेत तीन पदके आणावीत हा प्रसंग कोणत्याही देशाने नकाशावर खूण करून ठेवावा असा होता. आम्ही आमच्या पदवीच्या वर्गात ही तीन नावे विचारली. साठ विद्यार्थी होते. एकालाही एकही सांगता आले नाही; आणि शिक्षकांच्या खोलीत विचारले तेव्हा निकाल याहून चांगला लागला नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, २०२२ साली, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला पहिले पदक मिळवून दिले ते सांगलीच्या संकेत सरगरने. त्याच्या वडिलांची पानाची टपरी होती, हे दुसऱ्याच दिवशी सर्वांना कळले. हे कळण्यात वाईट काही नाही. पण ५५ किलोच्या त्या स्पर्धेत जे नाट्य घडले ते किती जणांपर्यंत पोचले? स्नॅचमध्ये संकेतने ११३ किलो उचलले आणि तो मलेशियाच्या अनिक कस्दानच्या सहा किलो पुढे होता. क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात त्याने १३५ घेतले. दुसऱ्यात कोपर दुखावले. त्या कोपराने तो तिसऱ्या प्रयत्नालाही उभा राहिला. अनिकने १४२ उचलले. बेरीज २४९ विरुद्ध २४८. एका किलोने सुवर्णपदक गेले! ज्याला शोकांतिका म्हणतात ती ह्या चार आकड्यांत पुरी आहे. टपरीची जोड तिला लागत नाही. दारिद्र्याची कथा सांगितली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि आपण काहीतरी केले असे त्याला वाटते. आकडा सांगितला तर त्याला विचार करावा लागतो.

आमच्या शेजाऱ्यांशी तुलना केली तर मान अधिकच खाली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताकडून वजन उचलणारे आंध्रचे दंडमूडी राजगोपाल राव पुढे तेलुगू चित्रपटात भीमाचे काम करून गेले, आणि विजयवाड्यातील क्रीडागृहाला त्यांचे नाव आहे. त्याच आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने २००० साली सिडनीला ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलून कांस्यपदक घेतले. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी हा खेळ त्याच वर्षी सुरू झाला होता. मणिपूरच्या मीराबाई चानूने २०२१ साली टोकियोत ८७ आणि ११५ मिळून २०२ किलोंचे रौप्यपदक मिळविले. मणिपूर हा केवढा प्रांत! आमची लोकसंख्या त्याच्या कितीतरी पट. पण तेथे हा खेळ मुलीच्या आईला समजतो. आमच्याकडे तो व्यायामशिक्षकालाही समजावून सांगावा लागतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याची टाळाटाळ करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्या खेळाला उत्तेजक द्रव्यांची कीड लागली आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दीर्घकाळचा अध्यक्ष तमाश आयान याला २०२० साली पैशाच्या आणि तपासण्यांच्या गैरव्यवहारावरून पद सोडावे लागले. भारतीय खेळाडूही वेळोवेळी दोषी ठरले आहेत. मग अशांचे स्मरण ठेवावे कशाला, असे सुज्ञ लोक विचारतात. त्यांना आम्ही २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील ९४ किलो गटाची हकीकत सांगू. स्पर्धेनंतर कित्येक वर्षांनी जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले आणि पहिल्या चौघांसह अनेकजण बाद झाले. त्या दिवशी पाचवा आलेला इराणचा सईद मोहम्मदपूर सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि नवव्या क्रमांकाच्या पोलंडच्या टोमाश झेलिन्स्कीला कांस्यपदक मिळाले. हा झेलिन्स्कीही पुढे २०१६ साली द्रव्य घेतल्याबद्दल परत पाठविला गेला. प्रकार घृणास्पद खरा. पण त्या इराणी मनुष्याला उशिरा का होईना न्याय मिळाला, तो कशामुळे? पाचव्याची आणि नवव्याची नोंद होती म्हणून. पाच मणांच्या नालाची पुन्हा तपासणी कोण आणि कशी करणार? ज्याला उत्तेजकांचा तिटकारा आहे त्याने तर काटेकोर नोंदींचा सर्वांत आधी आग्रह धरावा.

आमच्या वर्गाच्या अनास्थेचे खरे कारण आम्हांस निराळेच वाटते, आणि ते बोलून दाखविणे शिष्टाचाराला धरून नाही. ओझे उचलणे हे आपल्या मनात हमालाचे काम आहे. ज्या जालन्याच्या मोंढ्यात आमच्या कित्येक वाचकांच्या आजोबांचा व्यापार झाला, तेथे क्विंटलाचे पोते पाठीवर घेऊन फळी चढणारी माणसे त्यांनी रोज पाहिली. त्या माणसांच्या चढण्यात काही विद्या आहे असे त्यांच्या मनाला कधी शिवले नाही. मुलाने धावावे, बॅडमिंटन खेळावे, क्रिकेट तर अवश्य खेळावे. लोखंडाला हात लावला की घरात चेहरे उतरतात. उंची खुंटते, असे वैद्यकीय वाटणारे एक कारणही मग पुढे केले जाते. आणि हे कोठे? ज्या शहराच्या वसाहतीत इमारतींच्या सळया रात्रंदिवस ओढल्या जातात आणि राज्यभर जातात, त्या शहरात! जालना सोने का पालना, ही जुनी म्हण. आजचा पाळणा लोखंडाचा आहे. त्या लोखंडाचा एक दांडा आणि काही चकत्या एखाद्या शाळेच्या पटांगणात पोचू नयेत याला दारिद्र्य हे कारण देता येत नाही.

खेळाची आवडच आमच्याकडे नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात भरली. बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेला हरवून गदा घेतली, तेव्हा जी गर्दी लोटली होती ती कोणाच्या निमंत्रणाची नव्हती. माणसे येतात, पाहतात, ओरडतात, आणि घरी जाऊन विसरतात; कारण त्यांच्या हाती ठेवण्यासारखे कोणी काही लिहून देत नाही. त्या लढतीचे डावागणिक वर्णन मराठीत कोणी करून ठेवले असेल तर ते आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तरी आलेले नाही. कसोटी सामन्याच्या एकेका षटकावर लेख लिहिणारे आमच्याच व्यवसायात कमी नाहीत.

तेव्हा पुतळे, चौकांची नावे आणि जयंत्या ह्यांच्या मागण्या तूर्त बाजूला ठेवाव्यात, असे आमचे महाविद्यालयांना आणि व्यायामशाळांना सांगणे आहे. एक जाड वही घ्यावी. जिल्ह्यात होणाऱ्या प्रत्येक स्पर्धेची तारीख, गाव, खेळाडूचे नाव, त्या दिवशीचे त्याचे वजन, वजनगट, स्नॅचचे तीन प्रयत्न, क्लीन अँड जर्कचे तीन प्रयत्न, फसलेल्यांसह, आणि पंचांच्या सह्या, एवढे तीत लिहावे. मराठवाड्यातील जुन्या तालमींची हकीकत सांगू शकणारे वृद्ध अजून आहेत. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक चालू होते तेव्हा हा प्रदेश निजामाच्या अमलात होता, आणि त्या काळच्या तालमींत कोण जात असे, काय उचलत असे, हे सांगणाऱ्या घरांतून आता दुसरी पिढीही थकली आहे. त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जावे, आणि दुधाचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

नालांचे काम तर एका रविवारात होण्यासारखे आहे. मोंढ्यात काट्यांची वाण नाही. शहरातल्या तालमींत जे नाल उरले असतील ते एकेक तोलून त्यांवर किलोचा आकडा तेलरंगाने घालावा, मुठीचा व्यास आणि दगडाची जात टिपून घ्यावी, छायाचित्र काढावे. दोन विद्यार्थी आणि एक हमाल पुरेल. हमाल कशाला, हे पहिला नाल काट्यावर चढविताना विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.